गव्हाच्या शेतातला गणिती

पाऊस किती झाला यापेक्षा तो कोणत्या नक्षत्रात झाला, हे आपल्याकडचा शेतकरी आधी विचारतो. मृगाचा पाऊस वेगळा, हस्ताचा वेगळा. रब्बीचा कोरडवाहू गहू आणि शाळू तर हस्ताने जमिनीत किती ओल मागे ठेवली, यावरच जगतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. म्हणजे वर्षाच्या पावसाचे सत्तावीस भाग पाडून प्रत्येक भागाचा पिकावरचा परिणाम निराळा लक्षात ठेवण्याचीच ही रीत झाली. मात्र ती अनुभवाने चालत आलेली. एखाद्या नक्षत्रातल्या एका इंच पावसाने एकरी नेमके किती धान्य वाढते किंवा घटते, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

हे उत्तर आकड्यांत काढण्याचा पहिला खराखुरा शास्त्रीय प्रयत्न इंग्लंडमधल्या एका गव्हाच्या शेतावर झाला. तो करणारे गृहस्थ शेतकी शास्त्रज्ञ नव्हते, रसायनतज्ज्ञ नव्हते, हवामानशास्त्रज्ञही नव्हते. शाळामास्तरकीला कंटाळलेले ते एक गणिती होते आणि त्यांना तात्पुरत्या नोकरीवर घेण्यात आले होते. त्यांचे नाव रोनाल्ड एल्मर फिशर. आज वैद्यकातल्या नव्या औषधाच्या चाचणीपासून बियाण्याच्या नव्या वाणाच्या तपासणीपर्यंत जिथे जिथे प्रयोगाचे निकाल आकड्यांनी तोलले जातात, तिथे तिथे फिशर यांच्याच पद्धती थोड्याफार फरकाने वापरल्या जातात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव पहिल्या वर्षीच भेटते. पण त्या पद्धती एका शेताच्या चिखलातून वर आल्या, हे फारसे सांगितले जात नाही.

फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनच्या ईस्ट फिंचली भागात झाला. वडील कलावस्तूंचा लिलाव करणाऱ्या नामांकित पेढीचे भागीदार होते. घर मोठे, चालीरीती श्रीमंती. रोनाल्ड चौदा वर्षांचा असताना, १९०४ साली, आई गेली आणि त्यानंतर थोड्याच काळात वडिलांचा व्यवसायही बुडाला. हॅरो या प्रसिद्ध शाळेतले पुढचे शिक्षण शिष्यवृत्तीच्या आधारावर झाले. नजर अतिशय अधू होती. दिव्याच्या उजेडात वाचायला डॉक्टरांनी मनाई केलेली, त्यामुळे संध्याकाळचे गणिताचे धडे कागद-पेन्सिलीशिवाय, नुसते ऐकून व्हायचे. याचा परिणाम विलक्षण झाला. इतरांना चार पाने बीजगणित मांडावे लागे ती गोष्ट हा मुलगा आकृतीच्या रूपाने मनात पाहू लागला. मोठेपणी त्यांचे लेख वाचणाऱ्यांची तक्रार हीच असे, की मधल्या पायऱ्या कुठे दिसत नाहीत. त्या पायऱ्या त्यांनी स्वतः कधी चढलेल्याच नसत.

केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजातून १९१२ साली ते गणिताची पदवी घेऊन बाहेर पडले. पुढची सात वर्षे भरकटण्यात गेली. काही महिने कॅनडातल्या एका शेतावर काम, मग लंडनमधल्या एका गुंतवणूक कंपनीत आकडेमोड. महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्यात जाण्याची त्यांची फार इच्छा होती. डोळ्यांमुळे नाकारले गेले. मग युद्ध संपेपर्यंत निरनिराळ्या शाळांत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवले. शिकवणे त्यांना मुळीच जमत नसे आणि आवडतही नसे. १९१७ साली त्यांनी आयलीन गिनेस या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलीशी तिच्या आईला न कळवता लग्न केले. आयलीन आणि तिची थोरली बहीण यांनी शाळेजवळच थोडी जमीन घेऊन गाय, डुकरे, कोंबड्या पाळल्या होत्या. स्वतःच्या शेतावर पिकवून खावे, अशी त्या तिघांची धारणा होती आणि युद्धकाळातल्या टंचाईत त्यांनी ती बऱ्याच अंशी निभावली. शेतात काय पिकेल हे आपल्या हातात किती आणि आभाळाच्या हातात किती, या प्रश्नाशी फिशर यांची पहिली ओळख अशी झाली.

या धावपळीतही संशोधन चालूच होते. १९१८ साली त्यांचा आनुवंशिकतेवरचा मोठा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने छापला. आकड्यांच्या विखुरण्याला प्रचरण म्हणतात, ती आजची संज्ञा आणि कल्पना त्याच निबंधातून रूढ झाली. त्याकाळच्या संख्याशास्त्रातले सर्वांत मोठे नाव म्हणजे कार्ल पिअर्सन. त्यांनी १९१९ मध्ये फिशर यांना लंडनच्या गाल्टन प्रयोगशाळेत जागा देऊ केली. ती नाकारणे म्हणजे घरात दुभती गाय आली असता तिला परत धाडण्यासारखे होते. पण पिअर्सन यांच्या हाताखाली काय शिकवावे आणि काय छापावे हे पिअर्सन ठरवणार, हे फिशर यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी नकार दिला आणि लंडनच्या उत्तरेस, हार्पेंडन या गावातल्या रॉथॅमस्टेड शेतकी संशोधन केंद्राची तात्पुरती नोकरी पत्करली. तिथले संचालक जॉन रसेल यांच्याकडे सत्तर-पाऊणशे वर्षांच्या प्रयोगांच्या नोंदी साठल्या होत्या. त्यांतून आणखी काही हाती लागेल का, एवढेच त्यांना एखाद्या गणित्याकडून पाहून घ्यायचे होते.

या नोंदींविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. रॉथॅमस्टेड ही जॉन बेनेट लॉज यांची वडिलोपार्जित जमीनदारी. हाडे आणि खनिज फॉस्फेटवर आम्लाची प्रक्रिया करून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट त्यांनी १८४२ साली घेतले आणि त्या धंद्यातून आलेला पैसा प्रयोगांत घातला. जोसेफ हेन्री गिल्बर्ट हे रसायनतज्ज्ञ त्यांना १८४३ मध्ये येऊन मिळाले आणि ही जोडी सत्तावन्न वर्षे टिकली. १८४३ च्या शरद ऋतूत त्यांनी ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला. शेताचे लांबच लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही. एकाला दरसाल एकरी चौदा टन शेणखत. बाकीच्यांना नत्र, स्फुरद, पालाश यांची निरनिराळी मिश्रणे. त्याच जमिनीत, तेच पीक, वर्षामागून वर्षे. लॉज यांना बहुधा काही वर्षांत निकाल लागेल असे वाटले असावे. ब्रॉडबॉकवर गहू आजही घेतला जातो. जगातला हा सर्वांत दीर्घ काळ चाललेला शेतकी प्रयोग मानतात.

या दोघांची खरी दूरदृष्टी मात्र पाण्याच्या बाबतीत दिसते. १८४९ साली प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध जमिनीखाली मातीच्या नळ्या टाकल्या गेल्या. हिवाळ्यात माती पाण्याने भरली, की जादा पाणी झिरपून या नळ्यांतून वाहू लागे आणि शेताच्या कडेला ते बाटलीत धरता येई. १८५३ मध्ये एकराच्या एक सहस्रांश आकाराचा मोठा पर्जन्यमापक बसवला. १८७० मध्ये तेवढ्याच आकाराचे, वीस, चाळीस आणि साठ इंच खोलीचे जमिनीचे अखंड ठोकळे जागच्या जागी विटांच्या भिंतीत बंदिस्त करून त्यांच्या बुडातून किती पाणी खाली जाते, हे मोजायला सुरुवात झाली. आकाशातून किती आले, मातीतून किती गेले आणि जाताना बरोबर काय घेऊन गेले, हा सगळा जमाखर्च. पाणी तपासल्यावर दिसले, की त्यात नत्र आहे आणि जिथे नत्रखत अधिक, तिथे ते वाहून जाणेही अधिक. पावसाळी हिवाळ्यात शेतकऱ्याच्या खिशातले पैसेच त्या नळ्यांतून वाहत होते म्हणा ना. आपल्याकडे पाण्याबरोबर वरची माती वाहून जाते ती डोळ्यांना दिसते, नाल्याच्या रंगावरून कळते. ब्रॉडबॉकचे पाणी स्वच्छ दिसे आणि नुकसान तेवढेच होई.

फिशर १९१९ च्या ऑक्टोबरात रुजू झाले तेव्हा हे सारे आकडे जाडजूड वह्यांत पडून होते. त्यांच्या हाताशी मिलियनेअर नावाचे एक हाताने फिरवायचे गणकयंत्र होते. गुणाकार त्यावर बरे होत, भागाकार कटकटीचे. आज जे गणित संगणक डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो, त्याला तेव्हा दिवसच्या दिवस, प्रसंगी महिने लागत. यंत्राची मूठ फिरवण्याचे श्रम बाजूला ठेवले तरी चूक कुठे झाली हे शोधायला पुन्हा तेवढेच दिवस. फिशर यांच्या निबंधांतली कोष्टके पाहताना हे विसरून चालत नाही.

पहिला निबंध १९२१ साली आला. त्यात १८५२ ते १९१८ या काळातले तेरा पट्ट्यांचे उत्पन्न घेतलेले होते. प्रश्न साधा दिसतो: ब्रॉडबॉकची जमीन खराब होत चालली आहे का? एखाद्या वर्षी गहू कमी आला तर दोष मातीचा की त्या वर्षीच्या हवेचा? दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असतात. पोत्यात भरलेल्या धान्याला ते विचारता येत नाही. फिशर यांनी प्रत्येक पट्ट्याच्या चढउतारांची तीन भागांत फोड केली. वर्षावर्षाला होणारे उलटसुलट बदल हे हवामानाचे. एकाच दिशेने सावकाश चाललेली घट ही मातीची झीज. आणि या दोहोंत न बसणारे, दहा-वीस वर्षांच्या लाटांसारखे हेलकावे, ही तिसरी गोष्ट.

झीज खतविरहित आणि अपुरे खत मिळणाऱ्या पट्ट्यांत स्पष्ट दिसली. शेणखताच्या पट्ट्यात ती नगण्य होती. हे अपेक्षितच होते. पण तिसऱ्या भागाने फिशर यांना बुचकळ्यात टाकले. सगळ्या पट्ट्यांत हे सावकाश हेलकावे थोडेफार सारखे होते, त्यामुळे खताशी त्यांचा संबंध लागेना. हवामानाच्या नोंदींत तसे काही सापडेना. शेवटी त्यांची नजर तणांवर गेली. एकच पीक वर्षानुवर्षे घेतलेल्या शेतात तण माजते. ते खुरपायला माणसे लागतात. इंग्लंडमध्ये १८७० नंतरच्या दशकांत मुलांना शाळेत जाणे कायद्याने बंधनकारक होत गेले आणि खुरपणीचे स्वस्त हात कमी झाले, हीदेखील गोष्ट त्यांनी विचारात घेतली. गव्हाच्या उत्पन्नाचा आलेख शिक्षणाच्या कायद्यापर्यंत जाऊन पोहोचतो, हे वाचताना आजही गंमत वाटते. तणांचा जोर किती असतो याचा पुरावा शेताच्या एका टोकालाच उभा होता. १८८२ साली तिथला अर्ध्या एकराच्या आसपासचा तुकडा न कापता तसाच सोडून दिला होता. चार-पाच वर्षांत गहू जवळजवळ नाहीसा झाला आणि आज तिथे रान आहे.

आता पाऊस. थंडीच्या आधीचा पाऊस कमी तर पुढचा गहू चांगला, असा संबंध हवामानशास्त्रज्ञ नेपिअर शॉ यांनी १९०५ मध्येच इंग्लंडच्या पूर्व भागासाठी दाखवला होता. इतरांनी आठ-आठ आठवड्यांचे तुकडे घेऊन सहसंबंध काढले होते. फिशर यांना त्यात एक फसगत दिसली. वर्षाचे तुकडे जितके अधिक पाडावेत तितके एखाद्या तुकड्याचा उत्पन्नाशी योगायोगाने संबंध जुळून येण्याची शक्यता वाढते. त्यांनी वर्षाचे सहा-सहा दिवसांचे एकसष्ट भाग घेतले होते आणि नोंदी होत्या साठ-पासष्ट वर्षांच्या. तेवढ्या वर्षांच्या जोरावर एकसष्ट अज्ञात संख्या काढायला बसले, तर कोणतेही पीक कोणत्याही पावसाने जवळपास हुबेहूब समजावून देता येते. ते समजावणे साफ खोटे असते. नव्या वर्षाचा पाऊस आला की त्याचा फोलपणा उघडा पडतो. संगणकावर पीक-हवामानाची प्रारूपे बांधणाऱ्यांना ही अडचण आज रोजची आहे. फिशर यांनी ती हातयंत्राच्या काळात ओळखली.

त्यांनी काढलेली वाट अशी. आज एक इंच पाऊस पडल्याने पिकावर जो परिणाम होतो, तो सहा दिवसांनी पडलेल्या इंचाहून एकदम वेगळा असणार नाही. परिणाम सावकाश बदलत जाईल. मग एकसष्ट सुट्या संख्यांचे ओझे कशाला? प्रत्येक वर्षाच्या पावसाला त्यांनी पाचव्या घाताची एक बहुपदी बसवली, म्हणजे पावसाच्या उंचसखल रेषेतून जाणारी एक गुळगुळीत वक्ररेषा. त्या रेषेचे वर्णन सहाच संख्यांनी होते. पहिली संख्या सांगते वर्षाचा एकूण पाऊस. दुसरी सांगते, तो वर्षाच्या सुरुवातीला अधिक की शेवटी. तिसरी, मधोमध अधिक की दोन्ही टोकांना. याप्रमाणे पुढच्या. मग या सहा संख्यांचा तेरा पट्ट्यांच्या उत्पन्नाशी संबंध जोडला आणि उलट हिशेब करून प्रत्येक पट्ट्यासाठी एक वक्ररेषा काढली: वर्षातल्या अमुक तारखेच्या आसपास सरासरीपेक्षा एक इंच पाऊस अधिक झाला, तर एकरी गव्हात किती बुशेलांची भर किंवा तूट. आणि हा संबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, तेही सोबत मोजले. १९२४ साली रॉयल सोसायटीला सादर झालेला हा निबंध म्हणजे नक्षत्रांच्या हिशेबाला मिळालेले गणिताचे रूप होते, असे मला तरी वाटते.

निकाल आपल्याकडच्या वाचकाला चक्रावून टाकणारा आहे. ब्रॉडबॉकवर सरासरीहून अधिक पाऊस बहुतेक वेळा नुकसानच करतो. तिथे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत विभागून पडतो, जमीन चिकणमातीची, हिवाळ्यात बाष्पीभवन नाममात्र. पिकाला पाण्याची वाण नसते. जादा पाणी खाली झिरपते आणि मुळांच्या आवाक्यातला नत्र घेऊन जाते. प्रत्येक पट्ट्याची वक्ररेषा वेगळी येण्याचे कारणही त्यातच होते, कारण कुणाला नत्र कोणत्या रूपात आणि वर्षाच्या कोणत्या वेळी मिळतो यावर पावसाने काय नेले ते ठरणार. सत्तर वर्षांपूर्वी पुरलेल्या मातीच्या नळ्यांनी जे बाटलीत दाखवले होते, तेच आता धान्याच्या वजनात दिसले. माती, हवामान आणि वाहून जाणारे पाणी या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय पिकाचा हिशेब लागत नाही, हे एका शेतापुरते तरी सिद्ध झाले. अर्थात पावसाने सारे चढउतार समजत नव्हते. ऊन, थंडी, तण, रोग हे बाहेरच राहिले होते. फिशर यांनी ते लपवले नाही.

जुन्या वह्यांतून जेवढे निघायचे तेवढे निघाले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की लॉज आणि गिल्बर्ट यांनी प्रयोगाची मांडणीच अशी केली होती की काही प्रश्नांना उत्तर मिळणे शक्य नव्हते. एक खत, एक पट्टा. शेणखताचा पट्टा मुळातच सुपीक असेल तर? शेताची माती एकसारखी कधीच नसते. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ती बदलत जाते, हे कोणताही शेतकरी सांगेल. यावर फिशर यांचा उपाय होता, प्रत्येक खताला एकाऐवजी अनेक वाफे द्यावेत आणि कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. म्हणजे मातीतला फरक कुणा एकाच्या बाजूने उभा राहणार नाही आणि चूक किती संभवते तेही मोजता येईल. शास्त्रज्ञांना हा प्रकार सुरुवातीला जुगारासारखा वाटला. गिनेस मद्यकंपनीतले त्यांचे स्नेही विल्यम गॉसेट, जे स्टुडंट या टोपणनावाने लिहीत, त्यांनाही अखेरपर्यंत तो पटला नाही. नीटनेटकी, आखीव मांडणीच अधिक अचूक असते असे ते म्हणत. दोघांचा वाद गॉसेट यांच्या १९३७ मधल्या मृत्यूपर्यंत चालला, मैत्री मात्र तुटली नाही. फिशर यांच्या भांडकुदळ आयुष्यात असे उदाहरण विरळाच.

रॉथॅमस्टेडच्या चहाची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. म्युरिएल ब्रिस्टल या तिथल्या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितले, की कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळते. मग आठ कप केले, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्यांनी. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. बाईंनी सगळे ओळखले अशी आख्यायिका आहे. १९३५ च्या आपल्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात फिशर यांनी ही गोष्ट घेतली, पण बाईंचे नाव आणि निकाल दोन्ही दिले नाहीत. त्याआधी १९२५ साली संशोधकांसाठी लिहिलेले त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक परीक्षकांना फारसे रुचले नव्हते. ते गणिती लोकांना अपुरे वाटे आणि शेतकी लोकांना अवघड. पण प्रयोगशाळांतून ते हातोहात पसरले. वीसात एक एवढा योगायोग चालवून घ्यावा, ही आज सर्वत्र आंधळेपणाने पाळली जाणारी मर्यादा त्याच पुस्तकातली. फिशर यांनी ती सोयीचा टप्पा म्हणून सुचवली होती. तिचा पुढे धर्मग्रंथ झाला.

भारताशी त्यांचे नाते जुने. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने त्यांच्या पद्धती फार लवकर उचलल्या आणि जानेवारी १९३८ मध्ये तिथे भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष फिशर होते. पुढेही ते अनेकदा इथे आले. सी. आर. राव यांनी केंब्रिजला त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली. मराठी माणसांचा वाटाही यात लहान नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून परतल्यावर १९४० मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कामाला लागले. तोवर पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. बांधावर उभे राहून नजरेने रुपयात किती आणे पीक ते सांगायचे. चिठ्ठ्या टाकून गाव निवडायचे, शेत निवडायचे, शेतातला ठरावीक मापाचा तुकडा निवडायचा, तो कापून, मळून, वजन करायचे, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांच्या कामातून देशभर रुजली. या दोघांचे शेतकी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. पीक विम्याची भरपाई ठरवताना ज्या कापणी प्रयोगांवरून गावोगाव वाद होतात, त्यांचे मूळ असे रॉथॅमस्टेडच्या वाफ्यांपर्यंत जाते. कोल्हापूरचे वि. स. हुजुरबाजार यांनी फिशर यांच्या अनुमानपद्धतीचे काही गुणधर्म गणिताने पक्के केले आणि नंतर पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभारला. पुण्याच्याच वेधशाळेत १९३२ पासून कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले. पाऊस आणि पीक यांच्या नात्याचा फिशर यांनी घालून दिलेला हिशेब भारतीय पिकांना लावून पाहण्यात वेधशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बराच काळ खर्च केला. इथे अर्थातच वक्ररेषेचे रूप निराळे.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजू सांगणे भाग आहे. फिशर तरुणपणापासून सुप्रजननवादी होते. समाजातले हुशार वर्ग कमी मुले जन्माला घालतात म्हणून संस्कृती ऱ्हासाला लागते, असे त्यांचे ठाम मत होते. १९३० च्या त्यांच्या नैसर्गिक निवडीवरच्या ग्रंथाचा, जो उत्क्रांतिविज्ञानात आजही आधारभूत मानला जातो, शेवटचा सुमारे एक तृतीयांश भाग याच प्रतिपादनात गेला आहे. मतिमंद ठरवलेल्यांच्या ऐच्छिक निर्बीजीकरणाला कायद्याची मान्यता मिळावी, या चळवळीत ते होते. मातीतला फरक आणि खताचा गुण वेगळे करण्यासाठी चिठ्ठ्या टाका म्हणणारा हा माणूस, माणसांच्या बाबतीत मात्र घराण्याची माती आणि रक्ताचा गुण वेगळे केल्याशिवायच निष्कर्षाला पोहोचला. १९५० च्या दशकात वंशविषयक युनेस्कोच्या निवेदनालाही त्यांनी विरोध नोंदवला. आणि धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हा रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा १९५० चा निष्कर्ष पुढे अधिकाधिक भक्कम होत असताना, १९५७ नंतर फिशर त्याविरुद्ध हिरिरीने उभे राहिले. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील, हा त्यांचा युक्तिवाद. तर्क म्हणून तो चुकीचा नव्हता. पण पुरावा वाढत गेला तरी त्यांनी तो सोडला नाही. ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडातला पाइप क्वचितच विझे. केंब्रिजमधल्या त्यांच्या कॉलेजाने भोजनगृहाच्या खिडकीत त्यांच्या स्मरणार्थ लॅटिन चौकटीच्या नक्षीची रंगीत काच बसवली होती. सुप्रजननाच्या या इतिहासामुळे २०२० साली ती उतरवण्यात आली.

रॉथॅमस्टेड त्यांनी १९३३ मध्ये सोडले. ज्या गाल्टन प्रयोगशाळेची नोकरी नाकारली होती, तिथेच ते पिअर्सन यांच्या जागी प्राध्यापक म्हणून गेले. संख्याशास्त्राचा विभाग मात्र वेगळा काढून पिअर्सन यांच्या मुलाकडे देण्यात आला होता आणि एकाच इमारतीतल्या या दोन बिऱ्हाडांत कधी जमले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांना विभागासह पुन्हा हार्पेंडनला यावे लागले. ती वर्षे वाईट गेली. थोरला मुलगा जॉर्ज १९४३ साली वैमानिक म्हणून लढताना मारला गेला. आयलीनशी असलेला संसारही याच सुमारास मोडला. सहा मुली आणि दोन मुलगे वाढवलेल्या या बाईने निबंधांचे मजकूर उतरवून घेण्यापासून घरच्या शेतीपर्यंत सर्व केले होते. १९४३ मध्ये फिशर केंब्रिजला आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले, १९५२ मध्ये सर झाले, १९५७ मध्ये निवृत्त झाले.

१९५९ साली ते ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला जाऊन राहिले. तिथले सरकारी संशोधन संस्थेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख कॉर्निश हे त्यांचे जुने शिष्य आणि स्नेही. कॉर्निश यांनी १९५० मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गव्हावर पावसाचा परिणाम फिशर यांच्याच १९२४ च्या पद्धतीने काढला होता. तो प्रांत गव्हाचा, पण कोरडा. तिथला गहू हिवाळ्याच्या पावसावरच उभा राहतो आणि ब्रॉडबॉकवर जो इंच नत्र वाहून नेतो, त्याच इंचाची तिथे शेतकरी वाट पाहतो. फिशर त्या विभागात शेवटची तीन वर्षे काम करत होते. २९ जुलै १९६२ रोजी, आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर, अ‍ॅडलेडमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा तिथल्या सेंट पीटर्स कॅथेड्रलमध्ये ठेवली आहे.